फळा वाळेपर्यंत

फुटबॉलचा हंगाम आला की आमच्या पेठेतल्या दोऱ्यांवर तालमीच्या संघाचे, एकाच जांभळ्या रंगाचे शर्ट वाळू लागतात. गॅलरीच्या कठड्यावर, जिन्याच्या दांडीवर, बंद पडलेल्या एखाद्या मोटारसायकलच्या हँडलवरसुद्धा. थंडी नुकती पडायला लागलेली असते. दूधवाले कानाला मफलर गुंडाळून येतात. मार्केट यार्डाकडून वारा आला तर त्याला नव्या गुळाचा वास असतो. कुणीतरी गावाकडून बाटलीत भरून काकवी आणून दिलेली असते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ती उन्हाला लालसर दिसते. कोल्हापुरात याहून चांगले दिवस नसतात, असं मी अनेक वर्षं लोकांना सांगत आलो.

परवा समोरच्या दोरीवर यंदाचा पहिला जांभळा शर्ट दिसला. त्यातून पाणी ठिबकत होतं. मी गॅलरीत चहा घेऊन उभा होतो, तो मला एकदम बसावं लागलं. वर्ष होत आलं, हे कॅलेंडर सांगत होतं, मुलगी पुण्याहून फोनवर सांगत होती. ऐकत होतो. पण खरं सांगितलं ते त्या ओल्या शर्टानं. दिवस पुन्हा आले होते. तेच, तसेच्या तसे, तिच्यासाठी न थांबता.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी बायको सुनंदा सकाळच्या चहाच्या वेळी गेली.

आमच्या चौकात तालमीच्या भिंतीला एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार, सामना कुणाशी, कोण वारलं, रक्षाविसर्जन किती वाजता, हे त्यावर रोज सकाळी लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुसलेलं असतं. आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत, तालमीचा ग्रुप आहे, तरी माणसं चौकात आली की गाडीचा वेग कमी करतात आणि मान वर करून फळा वाचतात. ग्रुपवरचं कळतं, फळ्यावरचं पटतं.

सुनंदा शाळेत चित्रकला शिकवायची. आम्ही या पेठेत राहायला आलो तेव्हा फळा जो येईल तो लिहायचा आणि ओळी घसरत घसरत कोपऱ्यात जाऊन पडायच्या. एके सकाळी ती दूध आणायला खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. मी गॅलरीतून पाहिलं, तर ही स्टुलावर उभी, हातात खडू, आणि तालमीचे वस्ताद बापू खाली स्टूल धरून उभे.

"बाई, रेघ एवढी सरळ कशी वढता वो? पट्टी न्हाय, दोरी न्हाय."

"तुम्ही माणूस सरळ आडवा करता की, पट्टी लावून करता व्हय?"

त्या दिवसापासून फळा तिचा झाला. पेठेत ती कुणाची काकू झाली नाही, वहिनी झाली नाही. सगळ्यांची बाई झाली.

तिचं लिहिणं अगदी तिच्या बोलण्यासारखं होतं. सामना हरलो की, "हरलोय. पंचाचं नाव काढू नका, ते चांगले खेळले." पाण्याबद्दल एकदा लिहिलं होतं, "सातला येतं म्हणालेत. म्हणालेत." तो दुसरा 'म्हणालेत' वाचून अख्खा चौक दिवसभर हसत होता. कुणी वारलं तर मात्र ती खडू हातात घेऊन जास्त वेळ थांबायची. नाव, वेळ, आणि खाली त्या माणसाबद्दल एक ओळ. थोर, प्रेमळ, मनमिळाऊ असलं काही नाही. "यांनी कुणाच्याही लग्नात पंगत वाढायला नाही म्हटलं नाही." किंवा, "यांच्याशी भांडलं तरी दुसऱ्या दिवशी हेच आधी बोलायचे." एकच, पण खरी ओळ असली पाहिजे, असा तिचा आग्रह. खरी ओळ सापडत नसेल तर ती त्या घरी जाऊन बसायची आणि ऐकत राहायची. सापडली की उठायची.

आणि मी? मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. आयुष्य इतरांनी लिहिलेलं जागेवर लावण्यात गेलं, आणि आपणही लिहावं असं मला पहिल्यापासून वाटत होतं. लिहिण्याला सवड लागते, शांतता लागते, खिडकीशी टेबल लागतं, अशी माझी समजूत होती. यथावकाश सगळं मिळालं. खिडकीशी टेबल आलं, निवृत्तीनंतर सवड आली. टेबलावर इस्त्रीचे कपडे साचू लागले.

"तुम्ही लिवणार म्हणून मी टेबल पुसते," सुनंदा म्हणायची, "आणि लिवत न्हाई म्हणून त्याच्यावर कपडे ठेवते. टेबलाची काय चूक?"

एकदा मी तिला मनापासून विचारलं, "रोज काय सुचतं गं तुला?"

"सुचायला कशाला पायजे? पुसलं की लिवावंच लागतंय."

तिची पद्धत ठरलेली होती. आधी कोरड्या फडक्यानं फळा झाडायचा. मग ओलं फडकं, वरून खाली, एकाच दिशेनं. मग थांबायचं. ओल्या फळ्यावर खडू घसरतो, अक्षर उमटत नाही आणि नंतर डाग पडतात. म्हणून फळा वाळेपर्यंत ती हात मागं बांधून, फळ्याकडे पाठ करून चौकाकडे बघत उभी राहायची. कुणाचं शटर उघडलं, कुणाचं नाही, कुणाची स्कूटर चालू होईना, कोण नव्या चपला घालून निघालंय. फळा वाळला की वळायची आणि भराभर लिहून टाकायची. तो थांबण्याचा वेळ मला फुकट गेलेला वाटायचा. मी वरून घड्याळ बघायचो.

त्या दिवशी ती फळा लिहून वर आली. मी पेपर वाचत होतो. "चहा तुम्ही गाळा, माझं हात खडूचं हायत," असं म्हणून खुर्चीत बसली. मी चहा गाळला. दोन कप घेऊन बाहेर आलो. ती बसली होती तशीच बसलेली होती. कप घ्यायला हात पुढं आला नाही.

पुढचं मला इतरांनी सांगितलं म्हणून माहीत आहे. फळ्याच्या शेजारीच जमीलाभाभींचं शिलाईचं दुकान आहे. माझी हाक ऐकून त्या सगळ्यांच्या आधी वर आल्या. डॉक्टर आले, त्यांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं, आणि ते सांगत असताना मी दोन्ही कप हातात धरून उभा होतो, असं भाभी म्हणतात. डॉक्टरांना मी चहा विचारला, असंही म्हणतात. धक्का बसला की माणूस कोसळतो, असं मी पुस्तकांत वाचलं होतं. मी कोसळलो नाही. डॉक्टर गेल्यावर मी ते कप धुवायला मोरीत नेले आणि नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं.

त्या दिवशी फळ्यावर तिनं हेच लिहिलं होतं. "आज दहानंतर पाणी बंद. उद्या संध्याकाळपर्यंत येणार नाही. आधी भरून घ्या, मग चहा प्या." 'पाणी बंद'च्या खाली गुलाबी खडूनं रेघ. आणि त्याखाली, "सामना चारला. खेळणाऱ्यांनी जेवून जावं. बघणाऱ्यांनी तोंड आवरावं."

चौकानं तिचं ऐकलं होतं. पाणी भरलं नव्हतं ते एका आमच्याच घरात.

मुलगी पुण्याहून आली, मग दुपारी पंचगंगेवर नेलं. चारचा सामना आमच्या तालमीनं सोडून दिला. ज्यांच्याशी सामना होता ती पलीकडच्या पेठेतली मुलं, एरवी आमच्या चौकातून जातानाही गाडीचा आवाज वाढवून जाणारी, ती खेळायच्या लाल शर्टांतच घाटावर आली आणि मागं एका ओळीत उभी राहिली. मातीहून परत आल्यावर आंघोळ करावी लागते, आणि घरात घोटभर पाणी नाही, हे मला जिन्यावर आठवलं. वर पाहिलं तर जिना माणसांनी भरलेला. प्रत्येकाच्या हातात कळशी, बादली, पिंप, जे असेल ते. जमीलाभाभींच्या हातात तांब्याची घागर होती.

"घ्या सर. बाईनं सकाळी सांगितलेलं, सगळ्यांनी भरून ठेवलंय."

ते पाणी फार गार होतं. अंगावर पहिला तांब्या घेतला तेव्हा मला नीट श्वास घेता येईना. थंडीमुळे, असं मी बाहेर येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू वर आले. बराच वेळ चप्पल न काढता दारात उभे राहिले.

"सर, उद्याचं रक्षाविसर्जन फळ्यावर यायला पायजे."

"लिहा की."

"लिवायचं तर बाईंचं पुसाय लागतंय."

मी वळून खिडकीतून फळ्याकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "कोण हात फिरवणार त्याच्यावर? माझ्याच्यानं तर व्हायचं न्हाय."

कुणाच्यानंच झालं नाही. लोकांना फोन गेले, तोंडी निरोप गेले, रक्षाविसर्जनाला नदीवर उभं राहायला जागा नव्हती. पण आमच्या चौकातली फळ्यावर न आलेली ती पहिलीच माती.

फळा तसाच राहिला. रोज सकाळी तो सांगायचा, आज दहानंतर पाणी बंद, आणि रोज पाणी यायचं. परगावचा कुणी भाडेकरू घाबरून घरातली सगळी भांडी भरून ठेवायचा आणि संध्याकाळी चौकात येऊन भांडायचा. मागच्या बोळातल्या एका आजींनी तर दोनदा भरली. त्यांना सांगितलं की हे जुनं आहे, बाई गेल्या. त्या म्हणाल्या, "बाई गेल्या हे मला ठावं हाय. पर त्यांनी लिवलंय म्हंटल्यावर..." आणि वाक्य सोडून गेल्या.

मी रोज खाली जाऊन त्या फळ्यासमोर उभा राहायचो. काही वाचायचं नसायचं. तिचा हात कुठं जोरात टेकला होता ते बघायचो. 'भरून'मधला 'भ' तिनं एका दमात काढलेला होता. 'चहा'चा काना ओढताना खडू मोडला होता, तिथं एक ठसठशीत ठिपका होता. वरून पत्रा आहे, पण थंडीतलं दव आडवं येतं. रोज थोडं थोडं अक्षर मऊ होत होतं. लोकांनी फोटो काढून मला पाठवले होते. फोटोंना कुणीतरी फुलांची चौकट लावलेली, कोपऱ्यात तेवणारी समई. त्यात मजकूर होता. तो ठिपका नव्हता.

संजू आमच्या मागच्या गल्लीतला. त्याचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. तो सुनंदाचा विद्यार्थी. "चित्रकलेत बाईंनी मला कवा बरा शेरा दिला न्हाय," तो सगळ्यांना सांगायचा, "पर मी रंगवलेली पैली गाडी बघायला सोता गॅरेजवर आल्या. बोट फिरवून बघितलं आन म्हणाल्या, आता पास." त्यानंच दुसऱ्या आठवड्यात फळ्याला प्लास्टिकचा कागद लावला. आत वाफ धरली, थेंब अक्षरांवरून ओघळू लागले, तेव्हा धावत येऊन त्यानंच तो काढला. आणि बाराव्यानंतर एका सकाळी तो कॉम्प्रेसर आणि रंगाची गन घेऊन हजर झाला.

"सर, गाडीला रंगावरनं मारतो ती क्लिअर लॅकर हाय. वरनं काचंवानी बसती. पाऊस येऊं दे, दव येऊं दे, बाईंचं अक्षर जागचं हालायचं न्हाय. आपली पोरं-नातवंडं वाचतील."

मला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. चौक गोळा झाला. जमीलाभाभी शिलाई टाकून दुकानाबाहेर आल्या. बापूंनी नारळ वाढवला, पाण्याचा शिडकावा मुद्दाम लांब केला, फळ्यावर थेंब उडू नये म्हणून. संजूनं चपला काढल्या आणि अनवाणी उभं राहून, लांबून, हळूहळू, वरपासून खालपर्यंत फवारा मारला. फळा ओला, काळाभोर झाला. अक्षरं दबली. ओलं आहे म्हणून, असं आम्हाला वाटलं. दव पडलं की अक्षर दबतंच, वाळलं की पुन्हा उठतं. आम्ही सगळे वाळायची वाट बघत थांबलो.

फळा वाळला. त्याची काच झाली. त्या काचेत आम्ही सगळे दिसत होतो, बापू, भाभी, संजू, मी, मागं थांबलेल्या गाड्या. अक्षर नव्हतं.

पांढऱ्या खडूवर असलं काही मारलं की ते भुकटीत मुरतं आणि पांढरेपणा विझून जातो, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी फक्त एवढं दिसत होतं की काही नाही. गुलाबी रेघ तेवढी जरा गडद होऊन राहिली होती. काळ्या चकाकीच्या मधोमध एक रेघ, आणि तिच्यावर काहीच नाही.

कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मग संजू भर रस्त्यात मटकन खाली बसला. गन तशीच हातात.

"सर, मला हाना," तो म्हणाला. "पाया पडतो, हाना मला. कायतरी करा."

मी पुढं जाऊन फळ्यावर हात ठेवला. गार, गुळगुळीत. बोटाला काहीही लागलं नाही. ती गेली, हे मला घाटावर कळलं नव्हतं. रक्षा गोळा करताना कळलं नव्हतं. बाराव्याच्या पानावरही नाही. ते तिथं, त्या काचेवर बोट फिरवताना कळलं, आणि इतकं एकदम कळलं की मी आजूबाजूच्या लोकांकडे वळून म्हणालो, "अहो, सुनंदा गेली." जणू त्यांना ठाऊकच नव्हतं. बापूंनी मला दोन्ही खांद्यांना धरलं. पैलवानाचे हात.

जमीलाभाभींनी कॉम्प्रेसर बंद केला. "उठ रे संज्या," त्या म्हणाल्या. "रस्त्यात बसून काय हुतंय? बाई रोज सोताच्या हातानं पुसत हुती का न्हाई? तिनं कवा रडून पुसलं? उठ. सरांना पाणी दे."

संजूनं दुसरा आख्खा दिवस पॉलिश पेपरनं फळा घासला. कुणालाही हात लावू दिला नाही. मग काळ्या रंगाचे हात दिले. तो वाळला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. संजू. हातात खडूची पेटी.

"सर, फळा तयार हाय."

"मग?"

"मग काय? लिवा."

"मी?"

"मग कोण, मी? फळा तुमच्याच घरातला हाय की."

हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की मला नाही म्हणता आलं नाही. मी चपला घातल्या. खाली गेलो. फळा कोराच होता, तरी तिच्यासारखं आधी कोरडं फडकं फिरवलं, मग ओलं. मग थांबायला हवं होतं म्हणून पाठ फिरवली. इतक्या वर्षांत तो चौक मी खालून, त्या जागेवरून कधी पाहिला नव्हता. शटर वर जात होती. एक स्कूटर चालू होत नव्हती. वर आमची गॅलरी दिसत होती, आणि तिथं पेपर वाचत बसलेला माणूस इथून अगदी स्पष्ट दिसत असणार, हेही दिसलं.

मी लिहिलं, "उद्या प्रातःकाळी जलपुरवठा खंडित राहील."

बापूंनी ते दोनदा वाचलं. "म्हंजे पाणी येणार का न्हाय?"

"नाही येणार."

"मग तसं लिवा की!"

जमीलाभाभींनी दुकानातूनच मान बाहेर काढली. "आणि ओळ कुठं चाललीय सर? वर वर? बाईच्या माहेराला, गारगोटीला चालली की काय?"

चौक हसला. मलाही हसू आलं. नंतर जिना चढताना लक्षात आलं की आपण हसलो, आणि मी कठडा धरून उभा राहिलो.

रोज लिहायची सवय कशी लागते, याबद्दल मी पूर्वी पुष्कळ वाचलं होतं. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, निश्चय. माझ्या बाबतीत निश्चय नव्हता. सुरुवातीला मी खाली जायचो तो संजू बेल वाजवायचा म्हणून. मग संजूनं बेल वाजवणं सोडलं, तरी मी जात राहिलो, कारण नाही गेलो तर दूधवाल्यापासून सगळे विचारणार, सर बरं नाही काय. लांबलचक लिहिलं की गाडीवरचा कुणीतरी ओरडायचा, "सर, एवढं वाचायचं तर गाडी स्टँडला लावाय लागंल!" म्हणून लहान लिहायला शिकलो. एक शब्द काढला तरी चालतो का, हे बघायला शिकलो. पावसाळ्यात एकदा ताप आला, उठवत नव्हतं, आणि उजव्या हाताची बोटं अंथरुणात आपोआप जुळली, खडू धरल्यासारखी. तेव्हा कळलं की आता आपल्या हातात काही नाही.

दुःख त्यानं कमी झालं, असं म्हणणं खोटं होईल. दुःख वर खुर्चीत बसलेलं असायचं. फक्त मी खाली फळा लिहून येईपर्यंत त्याला थांबावं लागायचं, आणि तेवढं ते थांबू लागलं.

एका सकाळी मी आदल्या दिवशीचं पुसत होतो. पुसून झालं आणि लक्षात आलं की आपण काय पुसलं ते वाचलंच नाही. माझंच लिहिलेलं, कालच विचार करून लिहिलेलं, आणि हातानं ते न बघता नेलं. मला केवढा तरी धक्का बसला. ती रोज असंच करत होती. मी जे अक्षर टिकवायला निघालो होतो, त्याला तिनं स्वतः एका दिवसापलीकडे किंमत दिली नव्हती. किंमत होती ती दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुलावर चढण्याला. पण हे सगळं शब्दांत मांडलं की फार शहाणपणाचं वाटतं. खरं म्हणजे मी ओलं फडकं हातात घेऊन उभा होतो आणि माझ्या मनगटावरून काळपट पाणी बाहीत शिरत होतं.

वरचं टेबल आता रिकामं आहे. खालून आलो की तिथं बसतो. फळ्यावर मावेल एवढंच लिहायचं आणि उठायचं. हा लेखही तसाच चालला आहे, रोज थोडा. मध्ये कुठं सांधे दिसत असतील तर ते त्या रोजच्या उठण्याचे आहेत.

वर्षभरात चौकातली माणसंही वारली. त्यांची नावं मी लिहिली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याची आई गेली, तेव्हा त्यांच्या घरी जाऊन बसलो, ऐकत राहिलो, आणि लिहिलं, "यांनी चौकातल्या कुणालाही उभ्यानं चहा पिऊ दिला नाही." बापूंनी वाचून मान हलवली. "बरोबर. बसाच म्हणायची." असं सगळ्यांचं झालं. सुनंदाचं तेवढं राहिलं. तिचं नाव त्या फळ्यावर एकदाही आलेलं नाही, हे चौकाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आम्ही एकमेकांसमोर ते कधी काढलं नव्हतं.

काल बापूंनी काढलं. मी लिहून स्टुलावरून उतरत होतो. ते स्टूल धरून उभे होते.

"सर, उद्या वर्षश्राद्ध. फळ्यावर येऊं दे."

"सगळ्यांना कळवलंय बापू. ग्रुपवर आहे."

"तसं न्हाय म्हणत मी. चौकानं बाईंना अजून निरोप दिला न्हाय."

"चौकाला कळलं नाही होय, ती गेलेली?"

"कळलंय," बापू म्हणाले. "वाचलं न्हाय."

आज सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर खाली गेलो. कालचं पुसलं. आज नेमकं मी एकेक शब्द वाचत पुसलं, उशीर व्हावा म्हणून. ओलं फडकं फिरवलं आणि पाठ करून उभा राहिलो. थंडी होती. दोऱ्यांवर जांभळे शर्ट. फळा कधीच वाळला असणार, पण मी वळलो नाही. भाभींनी शटर वर केलं, मला बघितलं आणि आज मशीन सुरू केलं नाही. एरवी चौकात मोठ्यानं बोलणारे लोक कडेकडेनं जात होते.

शेवटी वळलो. तिचं नाव लिहिलं. हात बरा चालला. वर्षश्राद्धाची वेळ लिहिली. आता एक ओळ. खरी. मला पुष्कळ ओळी येत होत्या. ती सरळ रेघ काढायची. ती हसवायची. ती ऐकत बसायची. सगळ्या खऱ्या होत्या, आणि कुठलीही लिहावी तर वाटे, ही दुसऱ्या कुणीही लिहिली असती. मी किती वेळ स्टुलावर उभा होतो कोण जाणे. खाली बापूंनी स्टूल धरलेलं होतं, त्यांनी हाताची अदलाबदल केलेली मला जाणवली. मग मी लिहून टाकलं.

"सुनंदाबाई वारल्या. हे लिहायला त्यांच्या नवऱ्याला वर्ष लागलं."

खाली उतरलो आणि वाचलं. मला ते वाचून धक्का बसला, खरोखर, बातमी वाचल्यावर बसतो तसा. बापूंनी वाचलं आणि टोपी काढली. संजू गॅरेजला निघाला होता. त्यानं गाडी बंद केली आणि तिथंच, हँडलवर डोकं टेकून, बसून राहिला. भाभींनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. कुणीही ओळ वर चाललीय म्हणून चिडवलं नाही. ती सरळ आली होती, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

तेवढ्यात एक परगावचा माणूस मोटारसायकलवरून आला, मागं पेंडीचं पोतं बांधलेलं. त्यानं वेग कमी केला, मान वर करून वाचलं, आणि गाडी माझ्यापाशी आणून थांबवली.

"पावणं, हे खरं हाय का कोण थट्टा करतंय?"

"खरं आहे."

"आन नवरा कोण हो?"

"मी."

तो गडबडला. घाईनं गाडी बंद करायला गेला, पोतं कलंडलं, ते एका हातानं सावरलं. मग डोक्यावरचं हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि उघड्या डोक्यानं, पाय टेकून, माझ्यासमोर तसाच थांबला.

"लिवलंसा ते बरं केलंसा," तो शेवटी म्हणाला.

मग त्यानं बाजारभोगावकडं जायचा रस्ता विचारला. मी सांगितला. डावीकडे वळा, पूल लागेल, मग विचारत जा. तो गेला.

आत्ता दुपार आहे, श्राद्ध आटोपलंय. खिडकीतून फळा दिसतो. माणसं थांबताहेत, वाचताहेत, एकमेकांना काहीतरी म्हणून पुढं जाताहेत. तो आजचा दिवस तसा राहील. उद्या सकाळी पुसायचा आहे. उद्या पलीकडच्या पेठेशी सामना आहे, तो लिहायचा आहे, आणि फळ्यावर जागा तेवढीच आहे.